चार मिलिमीटरचा गंधार

कुठलीही गिटार घ्या. होस्टेलच्या भिंतीवर वर्षभर टांगून ठेवलेली असली तरी चालेल, फक्त सर्वांत जाड तार शाबूत हवी. त्या तारेवर, चौथ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला, डाव्या हाताचं बोट नुसतं टेकवा. दाबू नका. उजव्या हाताने घोडीजवळ तार छेडा आणि लगेच डावं बोट उचला. जागा बरोबर साधली असेल तर एवढ्या जाड तारेतून एक बारीक, स्वच्छ स्वर बाहेर पडेल. तारेचा मोकळा स्वर षड्ज मानला, तर हा दोन सप्तकं वरचा गंधार. तंबोऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. खर्जाची तार छेडल्यावर कुणीही न वाजवता जो गंधार ऐकू येतो, ज्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात, तोच हा.

आता त्याच तारेवर चौथा फ्रेट नीट दाबून वाजवा. हाही गंधारच, खालच्या सप्तकातला. पण कान थोडा तयार असेल तर जाणवतं, की हा जरा चढा लागलाय.

का, ते मोजपट्टीने दिसतं. गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर लांब असते. स्वयंभू गंधाराची जागा तारेच्या बरोबर पाचव्या हिश्शावर, म्हणजे १३० मिलिमीटरवर येते. त्या जागी तार दाबता आली असती तर उरलेल्या चार हिश्शांतून शुद्ध गंधारच वाजला असता. फ्रेट मात्र १३४ मिलिमीटरवर ठोकलेला असतो. दोन लगतच्या फ्रेटांमधल्या अर्ध्या सुराचे शंभर भाग केले, तर हा फरक चौदा भागांचा. हे सगळं सांगायचं कारण फिंगरस्टाइल. फिंगरस्टाइल म्हणजे पिक बाजूला ठेवून बोटांनी एकेक तार स्वतंत्र छेडणं, आणि खर्ज, साथ, मुख्य चाल ही तिन्ही कामं एकाच माणसाने एकाच वेळी करणं. ती समजून घ्यायला मी तरी या चार मिलिमीटरपासूनच सुरुवात करीन.

कारण या फरकाचा वाद आपल्या पश्चिम महाराष्ट्रात जुना आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. पेन्शनीत त्यांनी स्वर मोजायचा उद्योग मांडला. तारेची लांबी कमीजास्त करत, गवयाच्या गळ्यातला स्वर तारेवर जुळवत, त्यांनी बावीस श्रुतींची गुणोत्तरं मांडली आणि १९१० साली त्यावरचं इंग्रजी पुस्तक पुण्यात छापलं. या प्रयोगांना गळा कुणाचा, तर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांचा. त्याच खाँसाहेबांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. अर्नेस्ट क्लेमेंट्स नावाचे एक आयसीएस अधिकारीही देवलांच्या नादाला लागले, आणि श्रुतींप्रमाणे सुरावलेली खास पेटीही तयार झाली. पुढे या मोजमापांवर भरपूर भांडणं झाली. श्रुती ठोकळ्यासारख्या मोजता येतात का, हा प्रश्न संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या बाजूने विचारला गेला आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. पण एक गोष्ट त्या काळच्या सांगली-मिरज-पुण्यातल्या जाणकारांना पक्की कळली होती, ती म्हणजे नेहमीच्या पेटीतला गंधार तंबोऱ्यातल्या गंधाराशी जुळत नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं आणि ते सुमारे तीन दशकं बंद राहिलं, त्यामागे हेही एक कारण होतं.

पेटीला जे बोल बसले ते गिटारलाही बसायला हवे होते. बसले नाहीत, कारण गिटार कधी आपल्या बैठकीत आलीच नाही. आली ती आडवी होऊन. पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी ती मांडीवर ठेवली, तारा वर उचलल्या, आणि फ्रेट दाबायच्या ऐवजी धातूची कांडी तारेवरून सरकवली. फ्रेटच निकामी झाल्यावर चार मिलिमीटरचा प्रश्न उरत नाही. कांडी जिथे थांबेल तिथे गंधार. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका कित्येक मराठी घरांत पोचली. पुढे विश्वमोहन भट्ट यांनी गिटारवर आणखी तारा चढवून मोहनवीणा केली आणि १९९४ मध्ये ग्रॅमी मिळवलं. हा आपला तोडगा. श्रुती वाचली, मींड आली. पण त्यात एक गोष्ट हातची गेली. सरळ कांडीने वेगवेगळ्या तारांवर वेगवेगळ्या जागी एकाच वेळी थांबता येत नाही, त्यामुळे तीन स्वतंत्र आवाज एकत्र चालवणं जवळपास अशक्य होऊन बसलं.

उभ्या गिटारने उलटा सौदा केला. तिचे फ्रेट सहाही तारांखालून सरळ आडवे जातात. तार कुठलीही असो, षड्ज कुठलाही धरा, फ्रेट तिथेच. म्हणून अर्धे सूर सगळे सारखे करावे लागले. हे काम सोपं करून सांगणाऱ्यांत व्हिन्चेन्झो गॅलिली हे एक मोठं नाव. ते ल्यूट वाजवत आणि दुर्बीणवाल्या गॅलिलिओचे वडील होते. १५८१ च्या ग्रंथात त्यांनी सांगितलं, की उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडा आणि पुढचा पडदा बांधा. मग पुन्हा उरलेल्याचा अठरावा. आजचे कारागीर अठराच्या जागी १७.८१७ घेतात, एवढाच फरक. या हिशेबात पंचम जवळजवळ खरा निघतो, मध्यमही. गंधाराचा मात्र बळी जातो.

तो बळी ऐकायचाही एक मार्ग आहे. नीट जुळवलेल्या गिटारच्या तिसऱ्या आणि दुसऱ्या तारा (सर्वांत बारीक ती पहिली) मोकळ्या, एकदम छेडा. त्यांच्यात षड्ज-गंधाराचं नातं आहे. आवाज विरत जाताना वरच्या बाजूला एक बारीक थरथर येते, सेकंदाला जवळपास आठ वेळा. मूळ स्वराबरोबर तारेतून जे वरचे उपस्वर निघतात, त्यांतला तिसऱ्या तारेचा पाचवा ९८० हर्ट्झवर असतो आणि दुसरीचा चौथा ९८८ च्या आसपास. दोघे एकमेकांना घासतात. दुसरी तार किंचित उतरवा, थरथर मावळेल आणि दोन तारा एक होतील. मग दुसऱ्या कॉर्ड धरून बघा, त्यांतल्या बऱ्याच बेसूर वाजतील. शुद्ध कानाच्या शिकाऊ माणसाची दुसरी तार कधीच समाधानकारक लागत नाही, त्याचं कारण हे. दोष त्याच्यात नसतो आणि खुंट्यांतही नसतो.

पण या बदल्यात मिळतं काय ते बघा. माणसाच्या एका हाताला तीन जणांची कामं वाटून घेता येतात. अंगठ्याकडे जाड तीन तारा, तर्जनीकडे तिसरी, मध्यमेकडे दुसरी, अनामिकेकडे पहिली. करंगळीला बहुधा सुट्टी. अंगठा एक आड एक जाड तारा मोजून मारत राहतो, एक-दोन-तीन-चार, केरव्याच्या चालीने, आणि बोटं त्याच्या मधल्या फटींत चाल गातात. वारीत टाळ वाजवत, अभंग म्हणत जाणाऱ्या माणसाचे पाय जसे आपोआप पडत राहतात, तसा हा अंगठा पडला पाहिजे. पायांकडे लक्ष गेलं की अभंग चुकतो.

अमेरिकेत केंटकीच्या कोळसा खाणींच्या मुलखात ही चाल पिकली आणि मर्ल ट्रॅव्हिस यांच्या नावावर चढली. ट्रॅव्हिस वाजवायचे फक्त अंगठा आणि तर्जनीने. दूर जॉर्जियात चेट अ‍ॅटकिन्स नावाचा पोरगा रेडिओवर ते ऐके. हात दिसत नव्हता, तेव्हा एवढं सगळं दोन बोटांत मावणार नाही असं त्याने गृहीत धरलं आणि तो अंगठ्याबरोबर दोन-तीन बोटं वापरायला शिकला. त्या गैरसमजातून जी शैली निघाली, ती पुढे निम्म्या जगाने उचलली. ऑस्ट्रेलियाचे टॉमी इमॅन्युएल आज जे वाजवतात, त्याचं मूळ तिथे आहे.

एलिझाबेथ कॉटन यांची गोष्ट मला याहूनही थोर वाटते. जन्म १८९३ चा, नॉर्थ कॅरोलिनातला. डावखुऱ्या. घरात गिटार उजव्या हाताची. तारा बदलून कोण देणार? त्यांनी ती तशीच उलटी धरली. मग जाड तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. त्यामुळे खर्ज बोटांकडे गेला आणि चाल अंगठ्याकडे. ‘फ्रेट ट्रेन’ (म्हणजे मालगाडी) हे त्यांचं गाणं त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या असताना केलेलं. नंतर लग्न, संसार, चर्च यांत गिटार सुटली. वॉशिंग्टनच्या एका दुकानात काम करताना त्यांनी एक हरवलेली मुलगी आईपाशी पोचवली. ती मुलगी पेगी सीगर, आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर, स्वतः संगीतकार. त्या घरात कॉटन स्वयंपाक-घरकामाला लागल्या, आणि भिंतीवरची गिटार पुन्हा हातात आली. पहिली ध्वनिमुद्रिका १९५८ मध्ये, वयाच्या पासष्टीच्या आसपास. ग्रॅमी १९८५ मध्ये. ‘आता या वयात काय शिकायचं’ असं म्हणणाऱ्या सदाशिव पेठेतल्या काकूंना हे नाव जरूर सांगावं.

एका हातातून तीन आवाज निघतात हे ठीक, पण आपल्याला ते तीन म्हणून ऐकू का येतात? तारा तर एकामागून एक वाजत असतात. इथे अर्धं काम वादक करतो आणि अर्धं ऐकणाऱ्याचा मेंदू. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट ब्रेगमन यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. उंचीने जवळचे स्वर मेंदू एका धाग्यात ओवतो आणि दूरचे स्वर वेगळ्या धाग्यात, मग ते एकाच वाद्यातून आले असले तरी. स्पॅनिश वादक फ्रान्सिस्को तार्रेगा यांची ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’ ही १८९९ ची रचना याचा कळस आहे. अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी, पुन्हा अंगठा. दर चौथ्या ठोक्याला वरची चाल तुटलेली असते, कारण तो ठोका अंगठ्याचा असतो. तरीही आपण एक अखंड लांबलेला स्वर ऐकतो. गिटारला स्वर धरून ठेवता येत नाही. तार छेडली की ती विझायलाच लागते. तार्रेगांनी ती उणीव ऐकणाऱ्याच्या डोक्यात भरून काढली.

पुणेकराला हा चमत्कार खरं तर नवा नाही. सवाई गंधर्व महोत्सवात सतारीचा झाला रंगात येतो, तेव्हा बाजाच्या तारेवरची सुरावट आणि चिकारीचा मारा आपण वेगवेगळा ऐकतो. उस्ताद शाहिद परवेझ पुण्यातच राहतात. त्यांचा झाला ऐकून ‘दोन सतारी वाजतायत का’ असं आपल्याला वाटलं असेल, तर फिंगरस्टाइलसाठी लागणारा कान आपल्याकडे आधीपासून आहे.

उजव्या हाताचं दुसरं रहस्य जागेचं. तार आवाजाच्या भोकावर छेडली तर मऊ, गोल आवाज. घोडीजवळ छेडली तर धारदार. थॉमस यंग यांच्या नावाचा नियम सांगतो, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू असेल, ते उपस्वर त्या आवाजात येणार नाहीत. बरोबर मधोमध छेडलीत तर सम क्रमांकाचे सगळे उपस्वर गळतात आणि आवाज पोकळ होतो. चांगला वादक हाताच्या चार बोटं सरकण्यात हे सगळे रंग वापरतो. गंमत अशी, की आपला तंबोरा हा नियम पाळत नाही. सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात वीणा आणि तंबोरा तपासून १९२१ मध्ये लिहिलं, की जे उपस्वर यायलाच नकोत तेही इथे जोरात येतात. किमया रुंद, किंचित उतरत्या घोडीची. मिरजेचे कारागीर जी जवारी काढतात ती हीच; थरथरणारी तार घोडीच्या उतारावर पुन्हापुन्हा टेकते आणि उपस्वर जागे होतात. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गिटारची घोडी अरुंद, कडक. तिच्यात उपस्वर आहेत, पण मागे उभे राहिलेले. त्यांना हाताने पुढे आणावं लागतं.

आणि इथे नखांचा प्रश्न येतो. नुसत्या मांसल बोटाने आवाज मऊ येतो, नखाने स्पष्ट. स्टीलच्या तारांवर नखं टिकत नाहीत, म्हणून जगभरचे वादक नखांवर अ‍ॅक्रिलिक चढवून घेतात. चार बोटांची नखं वाढवलेला आणि दुसऱ्या हाताची मुळापर्यंत कापलेला मुलगा नेल पार्लरमध्ये बसलेला दिसला तर हसू नका, रियाजाला चाललाय.

गिटार घेताना लोक लाकडाबद्दल फार बोलतात. ऐकून आश्चर्य वाटेल, पण जगातल्या उत्तम गिटारींच्या पाठी आपल्या आजीच्या शिसवी पाटाच्या लाकडाच्या असतात. सह्याद्रीत वाढणारा हा शिसव. ब्राझीलचं लाकूड मिळेनासं झालं तेव्हा मार्टिन या नामांकित अमेरिकन कंपनीने १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. तरी पाठीचा फार बाऊ करू नये. आधुनिक गिटारचा साचा घडवणारे स्पेनचे आन्तोनिओ दे तोर्रेस यांनी १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या लावून एक गिटार बनवली होती. आवाज मुख्यतः पुढची पातळ फळी देते, हे त्यांना दाखवायचं होतं. बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ती आहे. तेव्हा नवशिक्याने पैसे नक्षीवर घालू नयेत. तारा फ्रेटपासून फार उंच नाहीत ना, हे पाहावं. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये चांगली असलेली गिटार जुलैत लाकूड फुगून बोटं कापायला लागते. दुरुस्तीवाला घोडीची पट्टी थोडी घासून देतो.

मराठी कानाच्या शिकाऊ माणसाला माझी एक शिफारस आहे. नेहमीच्या जुळणीत सहावी, दुसरी आणि पहिली अशा तीन तारा प्रत्येकी एक पूर्ण सूर उतरवा. गिटारवाले याला डॅडगॅड म्हणतात. इंग्लंडचा डेव्ही ग्रॅहम मोरोक्कोला गेला होता. तिथल्या ऊदवादकांबरोबर वाजवायचं म्हणून १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने ही जुळणी रुळवली. आता ती आपल्या भाषेत वाचा. जाड तारेपासून सा, प, सा, म, प, सा. तंबोराच की, मध्यम घातलेला. शिवाय शेजारच्या कुठल्याही दोन तारांत षड्ज-गंधाराचं नातं उरलेलं नाही, म्हणून ती आठाची थरथरही नाही. मोकळ्या तारांत गंधार नाहीच. तो फक्त खर्जाच्या तारेच्या पोटात आहे, खराखुरा, शुद्ध. अंगठ्याने खालचे सा आणि प सावकाश चालते ठेवा आणि पहिल्या तारेवर भूपाचा आरोह-अवरोह लावून बघा. फ्रेटचा गंधार वाजेल तेव्हा खालचा स्वयंभू गंधार त्याला किंचित टोकेल. ती टोचणी ऐकू येऊ लागली, की डाव्या हाताने काय करायचं ते आपोआप सुचतं. रेंगाळायचं कुठे आणि झटकन पुढे जायचं कुठे, हे फिंगरस्टाइलमधले जाणते लोक असंच ठरवतात.

गिटारची फळी तबल्यासारखी बडवत, तारांवर दोन्ही हातांनी टिचक्या मारत वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ आज सर्वांत जास्त पाहिले जातात. त्या वाटेचे मोठे प्रवर्तक मायकेल हेजेस. त्यांची १९८४ ची ‘एरियल बाउंडरीज’ ऐकली तर कळतं, की त्यांच्या एकेका टिचकीला संगीतात जागा होती. नंतरच्या बऱ्याच मंडळींत टिचक्याच उरल्या आहेत, असं माझं मत. ते सगळं पुढे कधीतरी. सुरुवातीला अंगठा एकटा, फक्त दोन तारांवर, घड्याळाच्या टिकटिकीबरोबर. तो झोपेतही चालेल इतका रुळल्यावर त्यावर एकच बोट ठेवावं. मग दुसरं. चाल कुठलीही, पण तोंडपाठ असलेली घ्यावी, म्हणजे कान मोकळा राहतो.

पुण्यात क्लास लावणार असाल तर पहिल्याच दिवशी सरांना एवढंच विचारा, की अंगठा कधी सुरू करायचा. ‘आधी सहा महिने कॉर्ड्स करा, मग बघू’ असं उत्तर आलं, तर आभार मानून पुढच्या क्लासची पाटी शोधा. या शहरात ती फार लांब नसते.